महाडिक की गोठ: गोठा की गोट?

प्रश्न असा आहे: ग्वाल्हेरच्या लष्कर भागात ‘महाडिक की गोठ’, ‘चिटनीस की गोठ’ अशी मोहल्ल्यांची नावं आहेत. हा गोठ म्हणजे आपला गोठाच ना? तिथे सरदारांची गुरं बांधत, असं ऐकलंय.

गुरांचा इथे काही संबंध नाही. मूळ शब्द ‘गोट’. ‘विरोधकांच्या गोटात खळबळ’ असं रोज वर्तमानपत्रात वाचतो, तोच. गोट म्हणजे फौजेचा तळ, त्यातही एकेका सरदाराचा, त्याच्या माणसांसकट वेगळा पडलेला. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली, ती पुन्हा उठलीच नाही. तिचंच लष्कर हे शहर झालं. राहुट्या जाऊन वाडे आले, पण गोट धन्याच्या नावानिशी जागच्या जागी राहिले. साताऱ्यात ‘पंताचा गोट’ आजही आहे. तिथे बोलणारे-ऐकणारे मराठी, म्हणून ट शाबूत राहिला.

ग्वाल्हेरात तो राहिला नाही, कारण हिंदी कानाला ‘गोट’ म्हणजे कपड्याची किनार. ‘गोठ’ मात्र ओळखीचा, संस्कृत ‘गोष्ठ’पासून आलेला, गुरांच्या जागेचा, आपला गोठाही त्याच घरातला. अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा येऊन बसला, आणि मग त्याला साजेशी गुरांची कथाही कोणीतरी जोडून दिली. लिंगही पालटलं. आपला तो गोट, तिथली ती गोठ, म्हणून ‘महाडिक की’.

पटत नसेल तर आसपासची नावं बघा. ‘जिंसी नाला’तली जिंसी तोफखान्याकडची. ‘हुजरात’ म्हणजे हुजुरात, खुद्द धन्याच्या तैनातीतलं घोडदळ. ‘कंपू’ पोर्तुगीज कांपोवरून आला म्हणा की इंग्रजी कॅम्पवरून, पण तो कवायती पलटणींचा तळ. मराठीत पुढे त्याची टोळी झाली. एवढ्या फौजेत गोठा घुसवायचा तर बरीच खटपट करावी लागेल. त्यातून चिटनीस हा लेखणीचा माणूस! (जाता जाता: घराणं हिंदीत सिंधिया झालं, पण ‘शिंदे की छावनी’ या नावात शिंदे अजून शिंदेच आहेत.)

मोहल्ल्यांची नावं टिपून ठेवणार असाल तर कृपा करून ‘गोठ’ खोडून ‘गोट’ करू नका. पाटीवर, पत्त्यात आणि लोकांच्या तोंडी आज गोठच आहे. पहिल्या रकान्यात तेच जावं. ‘गोट’ दुसऱ्या रकान्यात, व्युत्पत्ती म्हणून. कोणाकडे मोडीतलं जुनं खरेदीखत निघालं, तर त्यातलं रूप जसंच्या तसं, तारखेसह तिसऱ्यात. गुरांची कथाही लिहून घ्या, फक्त ऐकीव असा शेरा मारून आणि कोणत्या मोहल्ल्यातल्या, किती वयाच्या माणसाने सांगितली ते नोंदवून. दौलतगंज, जनकगंज, जीवाजीगंज यांवर फार वेळ घालवू नका, ती सरळ राजांच्या नावांवरून पडली आहेत.