पद्मिनी तापतेय? आधी आतलं पाणी बघ
अरे, सहा वर्षं उभी असलेली पद्मिनी (प्रीमियरची जुनी कार) दोन किलोमीटरात तापली म्हणून लगेच नवा रेडिएटर आणायला धावू नकोस. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघड आणि बोट आत फिरव. विटकरी गाळ लागला तर इंजिनच्या ब्लॉकमध्येही तोच साचलाय. ब्लॉकचा ड्रेन कॉक (पाणी सोडायची तोटी) उघडूनही पाणी येत नसेल तर तारेने टोच. माझ्या गाडीतून आधी थेंबही नाही, मग गंजाची गुठळी निघाली आणि मागून काळपट धार! थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) काढून पातेल्यातल्या पाण्यात तापव. उकळी आली तरी उघडला नाही तर बाद. मग नळी लावून रेडिएटर आणि ब्लॉक, पाणी नेहमी वाहतं त्याच्या उलट्या दिशेने धू. रबरी होज दाबल्यावर करकरला तर बदलच. भरताना बोअरचं पाणी अजिबात नको, क्षार धरतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं घाल. आणि हो, फॅनबेल्टचा (पंखा फिरवणाऱ्या पट्ट्याचा) ताणही बघून घे.