बेळगावच्या टिळकवाडीतून निघून मार्कंडेय नदीच्या काठानं साठेक किलोमीटर, एकट्यानं, गिअरच्या साध्या सायकलवर एका दिवसात जमेल का? काय तयारी लागते?

जमेल. पण तुम्ही म्हणताय तसं काठाकाठानं नाही. मार्कंडेयला सलग असा काठाचा रस्ताच नाही. आहेत त्या शेतात जाणाऱ्या पाणंदी, आणि त्यातल्या बऱ्याचशा कुणाच्या तरी उसात नाहीतर भाताच्या बांधावर जाऊन संपतात. म्हणून नदी धरून न जाता पूल धरून जायचं. एका पुलावरून दुसऱ्या पुलाकडे डांबरी रस्त्यानं, आणि मधे जिथं पाणंद चांगली दिसेल तिथं तेवढ्यापुरतं आत शिरायचं.

मी असा मार्ग सुचवेन: टिळकवाडी, काँग्रेस रोड, कॅम्प, गणेशपूर, बेनकनहळ्ळी, बेळगुंदी, राकसकोप. तिथून परत हिंडलग्याला, मग कंग्राळी खुर्द, अलतगा, कडोली, काकती आणि किल्ल्याकडून शहरात. सगळं मिळून ५५ ते ६० किलोमीटर. पहाटे साडेपाच-सहाला निघालात तर शहराचा भाग अर्ध्या तासात मागं पडतो. परत येताना दहा वाजून गेले असतील तर गणपत गल्ली, खडेबाजार या बाजारपेठेच्या बाजूला सायकल घेऊन शिरूच नका, चालत लवकर पोचाल.

टिळकवाडीतल्या रेल्वे गेटवर रूळ काटकोनातच ओलांडा. तिरपं गेलं की अरुंद टायर रुळाच्या खाचेत बसतो आणि हँडल हातात राहत नाही. पावसात ओल्या रुळावर ब्रेक दाबला तरी तेच. त्यामुळे आधी वेग कमी करा, रुळावर ब्रेक सोडून द्या.

राकसकोप जलाशयातून बेळगावला पिण्याचं पाणी येतं, तेव्हा आत सोडतील असं धरू नका. रस्त्यावरून दिसतं तेवढं पाहायचं. पावसाळ्यात मात्र या जलाशयाकडे दुसऱ्या कारणासाठी लक्ष ठेवा. पूर्ण पातळी २४७५ फूट. पातळी त्याच्या जवळ आली, दरवाजे उघडले, अशी बातमी पेपरात दिसली की खाली कंग्राळी-अलतग्याकडं नदी चढते. त्या आठवड्यात बांध आणि पाणंदी विसरा. पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं दिसत असलं तरी सायकल घालू नका. चाकाला बाजूनं लागणारा पाण्याचा जोर वाटतो त्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि खालचा रस्ता वाहून गेलाय की नाही ते वरून कळत नाही.

जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा. आधी राकसकोप केलंत तर ताज्या पायांनी वाऱ्याशी झुंज होते आणि येताना पाठीवर वारा मिळतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो, विजा पडतात. त्या दिवसांत बाराच्या आत घरी. सगळ्यात सोयीचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नदीकडच्या सखल भागात पहाटे धुकं असतं, मागचा लाल दिवा लावा.

पण याच महिन्यांत उसाच्या ट्रॉल्याही असतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. वळणावर मागची ट्रॉली आतल्या बाजूला कापत येते, त्यामुळे डावीकडून पुढं काढायचा मोह झाला तरी थांबा.

आता सायकल. २६ × १.९५ टायर असतील आणि वजन सत्तरच्या आसपास असेल तर ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, पंपावर लिहिलेलं असतं) हवा दोन्हीकडं चालते, मागं थोडी जास्त. ७०० × ३५ असतील तर ५५ ते ६५. डांबरावर पळायला हवं म्हणून ठासून हवा भरली की पाणंदीवर हात बधिर होतात. फार कमी ठेवली तर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते. शेजारी शेजारी दोन भोकं दिसली की समजायचं, काटा नाही, हवा कमी होती.

काट्यानं पंक्चर होणारच. बांधावर बाभळीची तोडलेली कुंपणं असतात, कडेनं सराटे. दोन जादा ट्यूब, टायर काढायच्या तीन पट्ट्या, छोटा पंप, पॅच आणि सोल्युशन एवढं लागतंच. व्हॉल्व्ह बारीक, लांब तोंडाचा असेल तर गावातल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला तो बसत नाही. पितळेचा अडॅप्टर खिशात ठेवा, पाच ग्रॅमचं ओझं. ट्यूब काढली की लगेच दुसरी घालू नका. टायरच्या आतून बोटं सावकाश, पूर्ण गोल फिरवा. सराट्याचं टोक डोळ्याला दिसत नाही, बोटालाच लागतं. ते तसंच राहिलं तर नवी ट्यूबही गेली म्हणून समजा. पॅच लावताना सोल्युशन बोटाला चिकटेनासं होईपर्यंत, पाचेक मिनिटं, सुकू द्या. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच हवा भरल्यावर सुटतो.

सुगीत आणखी एक गोष्ट आडवी येते. शेतकरी भात, नाचणी रस्त्यावर पसरतात, गाड्यांच्या चाकाखाली मळणी होते. त्या पिंजरावरून, म्हणजे वाळल्या काडांवरून, पेडल मारत जाऊ नका. एखादी लांब काडी चेनबरोबर मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) चाकांत जाते, गुंडाळते, आणि डिरेलर आऱ्यांत ओढला जातो. डिरेलर ज्याला लटकतो तो हँगर वाकला की घरी सायकल ढकलत. उतरा, मागचं चाक उचलून दहा पावलं चाला. तेवढ्यात कुणीतरी मामा ‘जावा की वरनं’ म्हणतीलच, हसून पुढं निघा.

चिकट मातीचं तसंच. राकसकोपकडं तांबडी माती जरा तरी निचरते, पण पाऊस पडून गेल्यावर शेतवाटेवरचा चिखल टायर आणि मडगार्डच्या मधे थापला जातो आणि चाक फिरायचंच थांबतं. तेव्हा जोर लावून ढकलू नका, काडीनं उकरा. त्या दिवशी पाणंदीचा नाद सोडून डांबरावर या.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा. एका बाटलीत चिमूटभर मीठ आणि साखर. सोबत भाकरी, केळी, शेंगदाण्याची चिक्की. कुंदा, म्हणजे बेळगावची ती खव्याची मिठाई, परत आल्यावर खा, मधे खाल्लात तर तहानेनं जीव जाईल.

मैलाचे दगड आणि पाट्या बहुतेक कन्नडमध्ये असतात. त्याचा वाद इथं नको. गावांची नावं कन्नड लिपीत कागदावर उतरवून घ्या, म्हणजे अक्षरं जुळवता येतात. विचारताना ‘नदीकडं कसं जायचं’ म्हणू नका, लोक शेतात उतरणारी वाट दाखवतील. ‘ही वाट पलीकडं निघते काय?’ असं विचारा. काकतीच्या पुढं गेलात तर कन्नडमध्ये ‘दारी यावुदु?’ (वाट कुठली?) एवढं पुरतं.

एकटे आहात म्हणून घरी निघायची वेळ, गावांचा क्रम आणि हिंडलग्याला परत कधी असाल ते सांगून ठेवा. अडचणीत ११२ या आपत्कालीन नंबरला फोन करा. तुमचा खरा निर्णय हिंडलग्यालाच होतो. तिथं साडेदहा वाजून गेले असतील, पाय जड असतील किंवा एक ट्यूब संपली असेल तर कडोली सोडून द्या, कॅम्प तिथून जवळ आहे. पुढं गेलात तर काकतीला हायवेवर चढू नका, सर्व्हिस रोडनंच या.