ज्याच्याशी भांडायचं, तेच माणूस गप्प

प्रिय मित्रा,

तुझी पटकथा दोनदा वाचली, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. तुझे संवाद कानाला खरे वाटतात, हे आधी सांगतो, कारण पुढचं थोडं टोचेल.

बायको बेशुद्ध, आणि नवऱ्याला तिचं प्रकरण कळतं. इथवर मी श्वास रोखून वाचत होतो. मग बाविसाव्या पानावर तू तिला शुद्धीवर आणलंस आणि चार पानं कबुली द्यायला लावलीस. ती रडते, तो रडतो, हिशेब मिटतो. ही चार पानं काढून टाक.

अलेक्झांडर पेनचा ‘द डिसेंडंट्स’ (२०११) पुन्हा एकदा बघ. काऊई हार्ट हेमिंग्जच्या कादंबरीवर बेतलेला, रूपांतरित पटकथेचं ऑस्कर मिळालेला. हवाईमध्ये बोटीच्या अपघातानंतर एलिझाबेथ कोमात आहे. तिने आधीच लिहून ठेवल्याप्रमाणे आता यंत्रं काढायची आहेत. अशात मोठी मुलगी बापाला सांगते की आईचं दुसऱ्या कुणावर मन जडलं होतं. आता या मॅट किंगने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, भांडायचं कुणाशी? सगळा चित्रपट या एका अडचणीवर उभा आहे. समोरून उत्तर येत नाही, म्हणून राग वाट फुटेल तिकडे जातो. बातमी कळताच मॅट घाईघाईने पायात काहीतरी सरकवतो आणि मित्राच्या घराकडे धावत सुटतो. पावलं फटाफट आपटतात, धावण्याची सवय गेलेली स्पष्ट दिसते. आपल्याला हसू येतं. पण मॅट झालेला जॉर्ज क्लूनी हसवायला धावत नाही, तो जिवाच्या आकांताने धावतो. तुला हवा असलेला विक्षिप्तपणा मला तिथे सापडतो.

तुझी मावशी कुलपं गोळा करते, काका कोट उलटा घालतात. का, ते कुठेच कळत नाही. त्या चित्रपटातला सिड आठव. मुलीचा मित्र, नको तिथे हसणारा, इतका की म्हातारा आजोबा त्याला ठोसाच लगावतो. मग एका रात्री बोलता बोलता कळतं की काही महिन्यांपूर्वीच त्याचे वडील गेलेत. त्यानंतर त्याचं आधीचं हसणं आपण मनातल्या मनात पुन्हा बघतो.

माझे वडील गेले त्या दुपारी मी दोन तास त्यांच्या चष्म्याची डबी शोधत होतो. चष्मा टेबलावरच होता, मला डबी हवी होती. धाकटी बहीण पलंगाखाली शिरली, तिचं डोकं आपटलं आणि आम्ही दोघं जमिनीवर बसून पोट धरून हसलो. दारात उभ्या माणसांना काय वाटलं असेल, देव जाणे. असं एखादं तुझ्याजवळही असेलच, कुलपांऐवजी ते लिही.

आणखी एक, रडण्याबद्दल. तू सगळ्यांना मोठ्याने रडवलं आहेस. ‘द डिसेंडंट्स’मध्ये आई वाचणार नाही हे मोठ्या मुलीला कळतं, तेव्हा ती घरच्या पोहण्याच्या तलावात असते. ती पाण्याखाली जाते आणि तिथे रडते. चेहरा पिळवटलेला, आवाज मात्र नाही. मी तो प्रसंग किती वेळा पाहिला याची गणती नाही.

आणि मॅटचे सासरे. लेकीच्या दुःखाने कडवट झालेला तो बाप जावयालाच बोल लावतो. माझी मुलगी एकनिष्ठ होती, तिला याहून बरं काही मिळायला हवं होतं, म्हणतो. मॅटजवळ त्याला गप्प करणारं एक वाक्य आहे. तो ते बोलत नाही, म्हाताऱ्याचं म्हणणं मान्य करतो. बायकोबद्दलचा त्याचा राग तेव्हा संपलेला नाही, तरीही. तुझ्या पटकथेत हा क्षण येऊ शकतो. तुझ्याकडेही बायकोची आई आहे, पण तू तिला चहा देण्यापुरतीच आणली आहेस.

शेवटी प्रार्थनासभेतलं भाषणही नको. ‘द डिसेंडंट्स’ संपतो तेव्हा बाप आणि दोन मुली सोफ्यावर आइस्क्रीम खात पेंग्विनांवरचा माहितीपट बघत असतात. अंगावर रुग्णालयात एलिझाबेथवर असलेलीच पिवळी गोधडी. कुणी काही बोलत नाही.

आधी सासू-जावयाचा प्रसंग लिही आणि तेवढाच पाठव. बाकीचं नंतर बघू.

तुझा,
सर