आजोबांचं सागवानी टेबल घरीच नीट करता येईल का?

येईल. तुम्ही लिहिलंय की पाय डुगडुगतात, वरची फळी काळवंडलीये आणि सुतार म्हणतो, 'सगळं घासून मेलामाइन (टिकाऊ कृत्रिम पॉलिश) मारू.' त्याला जरा थांबवा.

जुन्या टेबलावर बहुधा लाखेचं पॉलिश असतं. खात्री करायला कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पायाच्या आतल्या बाजूला अर्धा मिनिट दाबून धरा. चिकट तपकिरी रंग बोळ्यावर आला, तर लाखच. मग पॉलिश पेपरला हात लावायची गरज नाही. टर्पेंटाइनच्या फडक्याने फळी पुसून काढा. ते काळेपण म्हणजे बरंचसं वर्षानुवर्षांचं मेण, तेल आणि हाताचा मळ असतो. पेपरने घासलंत, की सागाला इतक्या वर्षांत चढलेला रंगही भुशाबरोबर गेला.

पॉलिशच्या आधी सांधे. डुगडुगणाऱ्या पायात खिळा ठोकू नका, कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) चिरतं. जुनं काम सरसाचं असतं; गरम पाण्याचं फडकं गुंडाळून ठेवलं, की सरस मऊ होऊन सांधा सुटतो. जुना सरस पूर्ण खरवडून लाकूड उघडं करा, नाहीतर फेव्हिकॉल धरणार नाही. लांब क्लॅम्प नसतील, तर पायांभोवती सुतळी गुंडाळून, मध्ये पट्टी घालून पीळ द्या आणि रात्रभर तसंच ठेवा.

आता लाख. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत रंग-हार्डवेअरच्या दुकानांत चपडा लाख (पातळ पापुद्र्यांची लाख) मागा. लिटरभर स्पिरिटला साधारण 150 ग्रॅम, रात्रभर भिजवून गाळून घ्यायची. कापसाचा बोळा मलमलीत बांधून, रेषांच्या दिशेने, पातळ हात द्या. ओल्या थरावर परत बोळा फिरवायचा मोह आवरा. आणि हे पावसाळ्यात करू नका. दमट हवेत लाख पांढुरकी पडते. दिवाळीनंतर पुण्याची हवा यासाठी उत्तम.

मेलामाइन जास्त टिकतं, सुताराचं ते खरं आहे. लाखेवर गरम चहाचा कप ठेवला की गोल उमटतो, सॅनिटायझर सांडलं तर विरघळते. तरीही मी लाखच लावीन, कारण डाग पडला तर तेवढ्याच जागी स्पिरिटचा बोळा फिरवून दुरुस्ती होते. मेलामाइन एकदा सोलपटलं, की अख्खी फळी तासावी लागते.

तुमच्या हिरव्या ऑइलपेंटच्या खुर्चीचं प्रकरण मात्र वेगळं. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादेची सक्ती नोव्हेंबर 2017 पासूनची; त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. ती कोरडी घासायची नाही. पेंट रिमूव्हर लावून, मास्क घालून ओलं खरवडा. घरात लहान मूल असेल तर सरळ कारागिराकडे पाठवा, आणि त्याला तुमच्याच गॅलरीत बसवू नका.