आइसलँडमध्ये वीजकपात कशी?

प्रश्न : आइसलँडची जवळजवळ सगळी वीज पाणी आणि भूगर्भातल्या उष्णतेपासून मिळते. मग तिथे तुटवडा का पडतो?

उत्तर : सुमारे ७० टक्के वीज जलविद्युत आहे. हिमनद्या उन्हाळ्यात वितळतात तेव्हा धरणं भरतात, आणि तोच साठा हिवाळाभर पुरवावा लागतो. परदेशाशी जोडणारी समुद्राखालची वीजतारही नाही. डिसेंबर २०२१मध्ये साठे घटले, तेव्हा फिशमील (माशांची भुकटी) बनवणाऱ्या कारखान्यांची वीज कमी केली गेली. त्यांना तेल जाळावं लागलं, हे खरं दुखणं! बहुतेक वीज ॲल्युमिनियम कारखाने घेतात. एक किलो धातूला साधारण १४ युनिट लागतात.

भूऔष्णिक केंद्रं हवामानावर अवलंबून नसतात. मात्र विहिरीतलं गरम पाणी फार थंड केलं, तर त्यात विरघळलेली सिलिका (वाळूतलं खनिज) नळांत थरांनी साचून ते तुंबतात.