‘उत्तेजन’ काढू नका

प्रश्न ऐरोलीहून आला आहे. एका ताईंच्या ख्रिस्ती मंडळीत आभारदिनाची पत्रिका छापायची आहे आणि तिच्या मथळ्यावर वाद पेटला आहे. पाळकसाहेबांनी सुचवले ‘एकमेकांस उत्तेजन द्या’. तरुण संघातली मुले म्हणतात, हा शब्द लोकांसमोर वाचायला लाज वाटते, ‘प्रोत्साहन’ घाला. ताई विचारतात, बरोबर कोण? शिवाय सांत्वन, बोध, उत्तेजन, प्रोत्साहन हे सगळे एकच का?

बरोबर पाळकसाहेब. मुलांचा राग नाही, पण त्यांना लाज ज्याची वाटते तो शब्द ‘उत्तेजित’ आहे. ‘उत्तेजन देणे’ आणि ‘उत्तेजित करणे’ यांत मराठी माणसाने कधी गल्लत केली नव्हती. हिंदी मालिका आणि औषधांच्या जाहिराती कानावर आदळू लागल्या तेव्हापासून ती होऊ लागली आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिला, दुसरा, तिसरा झाला की ‘उत्तेजनार्थ’ पुकारतात. तेव्हा कोणी लाजते का? पुण्याची वसंत व्याख्यानमाला भरवणाऱ्या संस्थेचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा. मुंबईत पारशी मंडळींनी १८७० साली गायन उत्तेजक मंडळी काढली. एवढ्या शहाण्या माणसांनी आपल्या दारावर हा शब्द मिरवला. तो आज एका पत्रिकेवरून खाली उतरवायचा, तेही परक्या भाषेतल्या परक्या अर्थासाठी, हे मला मान्य नाही.

वृत्तपत्रांत भाषाशुद्धीवर लिहिणारे काही जण सांगतात की उत्तेजन म्हणजे भडकवणे, प्रोत्साहन म्हणजे चांगल्या कामाला लावणे. हा भेद त्यांनी घरी बसून पाडलेला आहे. ‘चोरांना प्रोत्साहन देणारे धोरण’ असे मथळे रोज छापून येतात, ते कुठल्या चांगल्या कामाचे? दोन्ही शब्द दोन्ही बाजूंनी चालतात.

त्याहून जास्त मला खटकते ते आणखी एक. ठाण्यात-वाशीत मराठी उपासनेत बसलो की निदान एकदा तरी ऐकावे लागते : ‘एन्करेज या शब्दात लॅटिन कोर आहे, कोर म्हणजे काळीज, म्हणून पौल सांगतो की एकमेकांना काळीज द्या.’ लॅटिनची व्युत्पत्ती बरोबर आहे. पण प्रेषित पौलाने इंग्रजीत पत्रे लिहिली नव्हती! त्याने ग्रीकमध्ये लिहिले, आपण मराठीत वाचतो. या दोन भाषांच्या मध्ये इंग्रजीचे काळीज काढून ठेवायचे कारण काय? आपल्याच शब्दात जे आहे ते कोणी उघडून पाहत नाही, याचे वाईट वाटते.

ते आता पाहू.

उत्तेजन म्हणजे उत् अधिक तिज्. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, या धातूचा अर्थ दिला आहे ‘तिज निशाने’. निशान म्हणजे पाजवणे, धार लावणे. जुन्या मराठीत धार लावायच्या दगडाला निसणा म्हणत, तो यातलाच. तीक्ष्ण हा तिज् चा, तिक्ख होऊन आलेला तिखट त्याच घरातला, तेजही त्याच घरातले. फारसीतून आलेला, सुरी तेज आहे म्हणतानाचा ‘तेज’सुद्धा दूरच्या नात्याने तिथलाच. एका धातूतून धारही निघाली आणि प्रकाशही, याचे कोणाला नवल वाटेल तर त्याने आपले ‘पाजळणे’ आठवावे. आपण दिवाही पाजळतो आणि हत्यारही पाजळतो. घासलेले पाते चकाकते, एवढी साधी गोष्ट त्यामागे आहे.

आता नव्या करारातले इब्रीकरांस पत्र, दहावा अध्याय, चोविसावे वचन. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, आहे : ‘प्रीती व सत्कर्मे करण्यास उत्तेजन येईल असे आपण एकमेकांकडे लक्ष देऊ.’ इथे मूळ ग्रीक शब्द आहे पॅरॉक्सिस्मॉस. त्याच्या पोटात ऑक्सिस आहे आणि ऑक्सिस म्हणजे धारदार, तिखट, टोकदार. (ऑक्सिजनमधला ऑक्सि तोच.) म्हणजे ग्रीकमध्ये धार, मराठीत धार. ‘एन्करेज’मध्ये काळीज आहे, ‘प्रोत्साहना’त उत्साह आहे, पण ग्रीक लेखकाने हातात घेतलेली वस्तू जशीच्या तशी उचलली ती आपल्या शब्दाने. भाषांतर करणाऱ्याने हे जाणून केले असे माझे ठाम मत आहे. संस्कृत शिकलेल्या पंडितांशी चर्चा करून एकेक शब्द निवडणारी ती माणसे होती. पुढे पंडिता रमाबाई तर केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून स्वतःच सबंध शास्त्र मराठीत आणायला बसल्या आणि १९२२ साली देहावसान होईपर्यंत त्याच कामात राहिल्या. अशा परंपरेतला शब्द योगायोगाने पडला म्हणणे मला जड जाते.

हा ग्रीक शब्द नव्या करारात आणखी एकदाच येतो आणि तो कुठे येतो ते पाहा. प्रेषितांची कृत्ये, पंधरावा अध्याय. मार्क नावाच्या सोबत्याला बरोबर न्यायचे की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात खडाजंगी होते, दोघे वेगळ्या वाटांनी जातात. त्या खडाजंगीला पॅरॉक्सिस्मॉस म्हटले आहे. तीच धार. पात्यावर पाते घासले तर धार येते, आदळले तर खाच पडते. आणि भांडणारा कोण, तर बर्णबा! ज्याचे खरे नाव योसेफ, कुप्र बेटावरचा लेवी. प्रेषितांनी त्याला नावच असे दिले की ज्याचा अर्थ धीर देणाऱ्या शब्दाचा पुत्र. शौलाला, म्हणजे या पौलालाच, यरुशलेमेत कोणी जवळ करीना तेव्हा त्याचा हात धरून प्रेषितांपुढे नेणारा हाच. तार्सास जाऊन त्याला शोधून अंत्युखियास आणणारा हाच. पौलाने नाकारलेल्या मार्काला जवळ घेऊन कुप्रास जाणाराही हाच. आणि शेवटी तोच पौल तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. बर्णबाने लावलेली धार पौलाच्याच कामी आली.

बर्णबाच्या नावाला मराठी शास्त्रात ‘बोधपुत्र’ म्हटले आहे, आणि इथे मात्र मी भाषांतरकारांशी भांडतो. मूळ शब्द पॅराक्लेसिस. पॅरा म्हणजे शेजारी, कॅलेओ म्हणजे हाक मारणे. शेजारी बोलावणे, शेजारी उभे राहून बोलणे. त्यातून विनवणी, धीर, सांत्वन, आग्रह असे सगळे अर्थ फुटतात. ‘बोध’ घातल्याबरोबर शेजारी उभा असलेला माणूस व्यासपीठावर जाऊन बसला. आपल्या मंडळ्यांत दुःखात पडलेल्याला भेटायला गेलेले लोक पंधरा मिनिटे उपदेश का करतात, याचे एक कारण मला या शब्दात दिसते. लहानपणापासून ‘एकमेकांना बोध करा’ हेच ऐकले आहे, मग ते बोध करतात.

उलट याच कुळातल्या दुसऱ्या शब्दाला आपण जे मराठी रूप दिले त्याला तोड नाही. पॅराक्लेतॉस, म्हणजे शेजारी बोलावलेला, याला योहानाच्या शुभवर्तमानात ‘कैवारी’ म्हटले आहे. लॅटिनवाल्यांनी अॅड्व्होकॅटस केले, म्हणजे थेट कोर्टात नेले. कैवारी कोर्टातला नव्हे, गल्लीतला. चार पोरे एकाला मारत असताना मध्ये पडतो तो. आता या शब्दाच्या उगमाबद्दल. कोणी तो ओढूनताणून संस्कृतातून काढू पाहतात, ते सोडून द्यावे. कानडीत कै म्हणजे हात, आणि कैवार म्हणजे स्तुती, वाखाणणी. माझ्या मते मराठी कैवार तिकडचाच. ज्याला चारचौघांत वाखाणायचे त्याच्या बाजूने उभेही राहायचे, असा अर्थाचा प्रवास झाला असणार. कानडीत स्तुती राहिली, मराठीत बाजू घेणे राहिले. पवित्र आत्म्यासाठी आपण वापरतो त्या शब्दात वाखाणणीही आहे आणि हातही आहे, हे कळले तेव्हापासून मी तो शब्द सावकाश उच्चारतो. कोणाला कानडी मूळ पटत नसेल त्याने दुसरे दाखवावे, पण दाखवताना कै चे काय केले तेही सांगावे.

तर धार. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजूला अजून एखादा धारवाला दिसतो, सायकलच्या पायट्यावर दगडी चाक फिरवणारा. सुरी हातात दिली की तो आधी चाक फिरवत नाही. पाते उजेडात धरतो, अंगठा आडवा फिरवून बघतो, कुठे बोथट, कुठे खाच. मग पाणी शिंपडतो आणि मग दगडाला टेकवतो. सुरीत तो काही घालत नाही. पोलाद सुरीचेच, त्याने फक्त वरचे बोथटपण घासून काढले. इब्रीकरांसच्या त्या वचनात क्रियापदही तसेच आहे : उत्तेजन ‘द्या’ नाही, ‘उत्तेजन येईल असे लक्ष देऊ’. आधी माणसाकडे नीट पाहा.

कळव्याला एका घरगुती प्रार्थनासभेत मी हे होताना पाहिले आहे. कारखाना बंद पडून घरी बसलेला एक मनुष्य मागे भिंतीला टेकून होता. वडील मंडळींपैकी एकाने त्याला बायबलातल्या सोशीक ईयोबाची गोष्ट सांगितली, दुसऱ्याने देवाची वेळ सांगितली. तो मान हलवत होता. चहा वाटताना एक म्हातारी बाई त्याच्याजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, ‘नाताळात संडे स्कूलचा हिशेब तू ठेवला होतास ना रे? पै न् पै लागली होती. मला अजून आठवतं.’ एवढेच. त्याने बशी खाली ठेवली आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे वर बघितले. बोध आधी दोनदा झाला होता. हे उत्तेजन.

प्रोत्साहनाला कमी लेखायचे नाही. उत्साहातला सह् तोच, जो सहन करण्यात आहे. सह् म्हणजे सोसणे आणि सोसून वर येणे. आणि तिज् पासूनच तितिक्षा होते, म्हणजे पुन्हा सोसणेच. पाणिनीने त्याची व्यवस्था स्वतंत्र सूत्रात लावली आहे. धीराचे हे दोन शब्द दोन वाटांनी येऊन सहनशीलतेच्या एकाच दारात उभे राहतात, ही गोष्ट तरुण संघाच्या मुलांना अवश्य सांगा. त्यांना आवडेल. सांत्वनाबद्दल एवढेच, की ते जखमेसाठी आहे आणि उत्तेजन हातपायांसाठी. बाकी ते स्वतंत्र लिहिण्याचे प्रकरण आहे.

ताई, पत्रिकेवर ‘उत्तेजन’ छापा, दोन त नीट जोडून, आणि ‘उत्तेजित’ कुठेही येऊ देऊ नका. फक्त मथळ्यासाठी ओळ तोडू नका. ‘प्रीती व सत्कर्मे करण्यास’ हे शब्द आधी येऊ द्यात. धार कशासाठी लावायची ते त्यांत सांगितले आहे, आणि मुलांची हरकत तिथेच मिटेल.