जुना 'एलियन' आजही का धरून ठेवतो?

तुम्ही विचारलंय की १९७९चा 'एलियन' हा चित्रपट आज पहिल्यांदा पाहिला तर खरंच भीती वाटेल का, की नाव मोठं म्हणून लोक अजून कौतुक करतात. भीती वाटेल, नक्की वाटेल. पण सगळे त्यातल्या राक्षसाबद्दल बोलतात आणि माझ्या मते तो दुसऱ्या नंबरवर येतो. पहिल्या नंबरवर ते अंतराळातलं जहाज आणि त्यावर राबणारी माणसं. शेवट सांगत नाही, पण मधलं एक गुपित सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होणार नाही. ते नको असेल तर आधी चित्रपट बघून या.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. बाबा खनिज वाहणाऱ्या बार्जवर ड्रायव्हर होते, म्हणजे खाली इंजिन सांभाळायचे. सारमानसला माल भरायचा, मांडवीतून मुरगाव बंदरात नेऊन रिकामा करायचा. पावसाळ्यात आग्वादकडची वाट बंद झाली की कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरायचं. शाळेच्या सुट्टीत मी कधीकधी त्यांच्याबरोबर जायचो. बार्जवरच्या गप्पा ठरलेल्या असत: ओव्हरटाइम कधी निघणार, बदलीचा माणूस का आला नाही, वर सुकाणूवर बसणाऱ्याला जास्त आणि खाली तेलात भिजणाऱ्याला कमी का.

'एलियन'मधलं जहाज, नॉस्ट्रोमो, हेसुद्धा माल ओढणारंच. मागे २ कोटी टन खनिज आणि ते शुद्ध करणारा आख्खा कारखाना, वर फक्त सात माणसं आणि एक मांजर. हे नाव जोसेफ कॉनरॅडच्या १९०४च्या कादंबरीतून घेतलंय, आणि तीही कादंबरी एका चांदीच्या खाणीभोवती फिरते. झोपेतून उठून सगळे जेवायला बसतात, एकमेकांचं बोलणं तोडत, तोंडात घास ठेवून बोलतात, आणि पार्कर हा इंजिनवाला लगेच बोनसचा विषय काढतो. त्याला आणि त्याच्याबरोबर इंजिनावर काम करणाऱ्या ब्रेटला बाकीच्यांपेक्षा कमी वाटा आहे. कॅप्टन डॅलस करारावर बोट ठेवून विषय मिटवतो. मग एका ओसाड गोलावरून कसलातरी संदेश येतो. पार्कर म्हणतो, हे आपलं काम नव्हे, करायचं तर पैसे वेगळे द्या. तेव्हा अॅश हा विज्ञान अधिकारी कलम सांगतो: असा संदेश मिळाला तर तपास करावाच लागतो, नाहीतर सगळा वाटा जप्त.

झालं! या एका कलमापोटी ते खाली उतरतात. कुणाला शोध लावायचा नाही की शौर्य गाजवायचं नाही. बाबांना इंग्रजी येत नाही, म्हणून हा प्रसंग मी शेजारी बसून समजावला. ते एवढंच म्हणाले, "मग काय करतील बिचारे? जायलाच पाहिजे." अंतराळ, ग्रह, यंत्रमानव यातलं काहीही ओळखीचं नसलेल्या माणसाला चित्रपट त्या क्षणी आपला वाटला. पुढे जे घडतं ते म्हणूनच लागतं. ही माणसं आधी आपली होतात, मग एकेक करून जातात.

ते गुपितही याच धाग्यातलं. मधल्या भागात रिप्ली ही जहाजावरची अधिकारी जहाजाच्या 'मदर' नावाच्या संगणकाला खोदून विचारते आणि कंपनीचा खरा आदेश समोर येतो: तो जीव घेऊन या, बाकी सगळं दुय्यम, जहाजावरची माणसं गेली तरी चालतील. या प्रसंगात रक्ताचा थेंब नाही, नुसती पडद्यावरची अक्षरं आहेत. माझ्यासाठी सगळ्या चित्रपटातली सगळ्यात थंडगार जागा हीच. आमच्याकडे २०१२मध्ये खाणी थांबल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, २०१८मध्ये पुन्हा थांबल्या. कोर्टाने तसा निर्णय का दिला ते आम्हाला ठाऊक आहे, त्यावर माझं भांडण नाही. पण काठाला बांधून ठेवलेल्या, गंज चढलेल्या बार्ज पाहत मोठा झालेला कुणीही तुम्हाला सांगेल की मालाचा, जहाजाचा, विम्याचा हिशोब आधी लागतो. खलाशांचा विषय सगळ्यात शेवटी निघतो.

आता राक्षसाकडे येऊ, कारण त्याचंही श्रेय मोठं आहे. त्याचं रूप एच. आर. गीगर या स्विस चित्रकाराचं: हाड आणि यंत्र एकमेकांत मिसळलेलं, लांबट डोकं आणि डोळ्यांचा पत्ता नाही. तो बघतो कुठे, त्याला काय हवंय, काहीच कळत नाही. आत बोलाजी बाडेजो हा लंडनमध्ये शिकणारा नायजेरियन तरुण होता, जवळजवळ सात फूट उंच आणि सडसडीत. दिग्दर्शक रिडली स्कॉटने त्याला पूर्ण असा क्वचितच दाखवलाय. जवळपास दोन तासांच्या चित्रपटात तो मोठा राक्षस मोजून काही मिनिटंच दिसतो.

त्याचं आयुष्यही निसर्गातून उचललेलं आहे. घराच्या भिंतीवर मातीचं घरटं करणारी कुंभारीण आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ती घरट्यात अंडं घालते, अळीला डंख मारून लुळी करते, आत कोंडते, आणि बाहेर पडलेलं पिल्लू त्या जिवंत अळीवर पोसतं. कीर्तनात हीच गोष्ट आपण वेगळ्या अर्थाने ऐकतो, की माशीच्या ध्यासाने अळीच माशी होते. पटकथा लिहिणाऱ्या डॅन ओबॅननने अळीच्या जागी माणूस ठेवला. छाती फोडून काहीतरी बाहेर येतं हा जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग त्यातूनच आला. नटांना काय होणार हे माहीत होतं, पण रक्त किती उडणार ते सांगितलं नव्हतं. वेरॉनिका कार्टराइट या नटीच्या तोंडावर चिळकांडी येते तेव्हाची तिची किंकाळी खरी आहे. आणि चेहऱ्याला चिकटणाऱ्या त्या प्राण्याला उलटा करून तपासतात, तेव्हा आत दिसतात ती कालवं, शिंपल्यातल्या तिसऱ्या आणि मेंढीचं मूत्रपिंड! मासळीबाजारात वाढलेल्या माणसाला ती ओलसर चकाकी लगेच ओळखू येते. म्हणूनच तर किळस येते. संगणकावर काढलेल्या प्राण्याला हे वजन येत नाही, निदान मला तरी जाणवत नाही.

एक प्रसंग मात्र निवांत बघा. ब्रेट मांजर शोधत एका उंच, अंधाऱ्या भागात येतो. वरून साखळ्या लोंबताहेत, एकमेकींवर आपटून किणकिणताहेत, कुठूनतरी पाणी ठिबकतंय. तो टोपी काढतो, मान वर करतो आणि ते पाणी तोंडावर घेतो. दिवसभर इंजिनाजवळ तापलेला माणूस नेमकं हेच करतो, बाबांना मी असं करताना पाहिलंय. हॅरी डीन स्टँटन या नटाने ते इतकं सहज केलंय की काही क्षण आपण राक्षसाला विसरतो. पार्श्वसंगीत आपल्याला सावध करत नाही. स्कॉटने घाई केली असती तर हा प्रसंग अर्ध्या मिनिटात उरकला असता आणि कुणाच्या लक्षातही राहिला नसता.

रिप्लीबद्दल थोडक्यात, कारण तिच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. सिगर्नी वीव्हर तेव्हा चित्रपटात नवखी होती आणि श्रेयनामावलीत पहिलं नाव डॅलस झालेल्या टॉम स्केरिटचं होतं. त्यामुळे शेवटपर्यंत कोण टिकणार याचा तेव्हाच्या प्रेक्षकाला अंदाज नव्हता. पटकथेतही पात्रं स्त्री की पुरुष हे ठरवलेलं नव्हतं. मला तिच्यात भावतं ते एकच: जखमी सहकाऱ्याला बाहेरून घेऊन येतात तेव्हा दार उघडायला ती नकार देते. नियम आहे, २४ तास विलग ठेवायचं. सगळ्यांना ती निर्दय वाटते, आणि तिचं कुणी ऐकत नाही. बोटीवर काम केलेल्या माणसांना हा प्रसंग दाखवा, बहुतेक जण तिच्या बाजूने उभे राहतील.

पुढचे भाग अजून निघताहेत, २०२४मध्ये 'एलियन: रोम्युलस' आला. १९८६चा जेम्स कॅमरॉनचा 'एलियन्स' चांगलाच आहे, पण तो युद्धपट आहे, जात वेगळी. २०१२च्या 'प्रोमेथियस'ने पहिल्या चित्रपटात त्या ओसाड गोलावर सापडलेल्या पडक्या यानातल्या महाकाय सांगाड्याचा उलगडा करायचा घाट घातला. मला तो उलगडा नकोच होता.

पाहणार असाल तर १९७९ची मूळ आवृत्ती पाहा. २००३मध्ये स्कॉटने वेगळी बांधलेली आवृत्ती एखाद मिनिटाने लहानच आहे, पण तिच्यात डॅलसचं पुढे काय झालं ते दाखवणारा प्रसंग घातलाय, आणि त्याने ऐन शेवटाकडची धाव अडखळते. मोबाइलवर नको, अंधार खूप आहे आणि छोट्या पडद्यावर निम्मं काही दिसत नाही. हेडफोन असतील तर लावा, इंजिनाची घरघर अख्ख्या चित्रपटात कुठे कुठे बदलते ते ऐकण्यासारखं आहे. घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावरच लावा.